महाराणी व्हिक्टोरिया यांचा विवाहवेष

इंग्लंडच्या महाराणी व्हिक्टोरिया यांचा विवाह राजपुत्र अल्बर्ट यांजशी १० फेब्रुवारी १८४० रोजी लंडन येथे झाला. राजवधूंनी भरजरी वस्त्रे ल्यावीत, असा त्या काळी प्रघात होता. महाराणींनी मात्र शुभ्र सॅटिनचा वेष पसंत केला आणि मस्तकी मुकुटाऐवजी नारिंगाच्या फुलांची माळ धारण केली. यंत्रनिर्मित लेसमुळे हातकारागिरांचा धंदा बुडत होता. म्हणून रेशीम स्पिटलफील्ड्सच्या विणकरांकडून घेतले गेले व लेस डेव्हन परगण्यातील दोनशेंहून अधिक स्त्रियांनी विणली. पुढे शुभ्र विवाहवेषाची प्रथा दूरवर रूढ झाली. १८६१ मध्ये वैधव्य आल्यावर महाराणींनी आमरण काळी वस्त्रे वापरली. १९०१ साली मात्र त्यांचे दफन विवाहातील अवगुंठन मुखावर घालूनच झाले. विवाहवस्त्र निवडताना ते विणणाऱ्या हातांचे स्मरण ठेवावे, हा बोध आपणही घ्यावा.