तिकिटांवरून वाजलं आणि नागपूरच्या वानखेडेंनी मुंबईत अख्खं स्टेडियम उभं केलं

वानखेडे स्टेडियम माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड. पण हे वानखेडे कोण होते असं विचारलं, तर बहुतेकांना वाटतं की असेल कुणीतरी मुंबईचा जुना क्रिकेटपटू. प्रत्यक्षात ते वऱ्हाडी मातीतले राजकारणी, आणि तेही थेट नागपूर जिल्ह्यातले.

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म 24 सप्टेंबर 1914 चा, लोहारी सावंगा या गावातला. हे गाव नरखेड तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात येतं. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि काँग्रेसच्या राजकारणात उतरले. नागपूर महापालिकेचे पहिले महापौर तेच. त्या काळात नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. 1960 ला संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर ते मंत्री म्हणून मुंबईत स्थिरावले, वसंतराव नाईकांच्या काळात अर्थखातं सांभाळलं आणि 1972 मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले.

याच काळात त्यांच्याकडे आणखी एक खुर्ची होती, बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची. आणि या खुर्चीची एक मोठी अडचण होती. असोसिएशनकडे संघ होता, खेळाडू होते, शेकडो क्लब होते, पण कसोटीचं मैदान नव्हतं. मुंबईतल्या कसोट्या व्हायच्या ब्रेबॉर्नवर, आणि 1937 पासूनचं हे स्टेडियम होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं. मैदान त्यांचं, त्यामुळे खुर्च्याही त्यांच्या. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर वर्षभर राबणाऱ्या क्लबांना तिकिटं किती द्यायची, यावरून दरवेळी घासाघीस व्हायची. घाम गाळणारा बाहेर आणि सभासद गादीवर, असा तो हिशोब होता.

ठिणगी पडली ती मात्र वेगळ्याच कारणावरून, असं सांगतात. काही तरुण आमदारांना एक प्रदर्शनीय सामना खेळायचा होता. ते वानखेडेंना घेऊन सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे गेले. मर्चंट म्हणजे साक्षात मोठे फलंदाज. त्यांनी मैदान द्यायला नकार दिला. बोलण्याबोलण्यात पारा चढला आणि असोसिएशन स्वतःचं स्टेडियम बांधेल असं वानखेडेंनी तिथंच सुनावलं.

रागाच्या भरात घोषणा करणं सोपं असतं हो. पण वर्षं होती 1972-73 ची, राज्यात भीषण दुष्काळ, सरकारी तिजोरीत खडखडाट. स्वतः अर्थमंत्री राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. तरीही ते मागे हटले नाहीत. चर्चगेटजवळ असोसिएशनची जागा होती, ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर. एका अंगाला लोकलचे रूळ, पलीकडे मरीन ड्राइव्ह, म्हणजे पसरायला वाव नाही. तरुण वास्तुविशारद शशी प्रभू यांच्याकडे आराखड्याचं काम गेलं आणि साधारण 13 महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. जागा तोकडी असल्याने प्रेक्षक मैदानाला अगदी खेटून बसले. आजही नॉर्थ स्टँडचा आवाज सीमारेषेवरच्या खेळाडूच्या कानात घुसतो तो त्यामुळेच.

जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉईडने नाबाद 242 धावा ठोकल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक चाहता अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बदडलं आणि पब्लिक पेटलं. ज्या बैठकींसाठी एवढं भांडण झालं, त्याच लोकांनी मोडून जाळल्या. नव्याकोऱ्या स्टेडियमचं असं उद्घाटन कुणी मागून घेतलं नसतं. एकनाथ सोलकरने कसोटीतलं आपलं एकमेव शतक इथंच काढलं, तरी भारत 201 धावांनी हरला. ब्रेबॉर्नवरच्या नियमित कसोट्या मात्र त्यानंतर थांबल्या.

1980 मध्ये वानखेडे बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर आले एनकेपी साळवे, तेही नागपूरचेच. 1983 च्या फायनलला लॉर्ड्सवर जादा तिकिटं नाकारली म्हणून साळवेंनी वर्ल्डकपच भारतात आणायचा चंग बांधला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. 1987 चा वर्ल्डकप भारत-पाकिस्तानात झाला. नागपूरकरांना तिकीट नाकारू नये, महागात पडतं!

30 जानेवारी 1988 ला वानखेडेंचं निधन झालं. खुद्द त्यांच्या नागपुरात खुर्च्यांची गोष्ट इतकी सुखाची नाही. 1995 मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भारत-न्यूझीलंड सामना सुरू असताना स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले. 2008 मध्ये जामठ्याला 45 हजार क्षमतेचं स्टेडियम झालं, पण ते शहराबाहेर वर्धा रोडवर. कसोटीच्या दिवशी तिथल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की चर्चगेट स्टेशनला लागून बांधलेल्या त्या मैदानाची किंमत कळते.

2011 च्या वर्ल्डकपसाठी वानखेडेची डागडुजी झाली, बाकं जाऊन स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि क्षमता सुमारे 45 हजारांवरून 33 हजारांवर आली. काम सुरू असताना 2009 मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी खेळवायला जागा हवी होती. तेव्हा 36 वर्षांनी भारतीय संघ पुन्हा ब्रेबॉर्नवर कसोटी खेळला. आणि वानखेडे स्टेडियममधल्या एका स्टँडला नाव आहे विजय मर्चंट यांचं.