ऐंशी मिनांची बाग

गणरायाच्या स्मरणिकेत एका ग्रीक माणसाचे चरित्र पाहून काही वाचक चकित होतील. त्यातही हा माणूस एपिक्युरस. त्याचे नाव निघाले की खा, प्या, मजा करा एवढेच लोकांना आठवते. कर्ज काढून तूप पिणारा अशी जी ख्याती आपल्याकडे चार्वाकाच्या वाट्याला आली, तीच तिकडे याच्या वाट्याला आली. आम्ही इंदूरकर, म्हणजे रात्री अकरा वाजता सराफ्यात उभ्याने खाणारी माणसे. असा माणूस आम्हांला लगेच आपला वाटायला हवा होता. पण वाचत गेलो तसे वेगळेच हाती लागले. सुखाची शाळा काढणारा हा गृहस्थ एरवी भाकरी आणि पाण्यावर राहत असे. चैन करावीशी वाटली तर मित्राला पत्र लिहून चीजचे एक लहानसे मडके मागवी.

त्याचा जन्म इ.स.पू. ३४१ मधला, सामोस बेटावरचा. आईवडील अथेन्सचे, पण तिथून वसाहतीत येऊन राहिलेले. वडील निओक्लीस शाळामास्तर होते. चौदाव्या वर्षी हा मुलगा मास्तरांना अडचणीत आणू लागला. सगळे जग आदिम पोकळीतून निघाले असे हेसिऑडच्या काव्यात आले, तेव्हा ती पोकळी कुठून आली हे त्याला हवे होते. मास्तरांना उत्तर देता आले नाही आणि पोराची तत्त्वज्ञानाची वाट तिथून सुरू झाली, असे सांगतात.

अठराव्या वर्षी नियमाप्रमाणे लष्करी शिक्षणासाठी तो अथेन्सला गेला. त्याच सुमारास बाबिलोनमध्ये अलेक्झांडर वारला आणि त्याच्या सेनापतींची भांडणे जुंपली. त्या धामधुमीत सामोसवरच्या अथेनियन कुटुंबांना बेट सोडावे लागले. याचे आईवडीलही विस्थापित होऊन समोरच्या किनाऱ्यावर कोलोफोनला गेले. हे वाचताना आम्ही जरा थांबलो. आमचे पूर्वजही होळकरांच्या काळात घाटावरून इकडे आले आणि इथलेच झाले. कुणी आम्हांला कधी जा म्हटले नाही. ही किती मोठी गोष्ट आहे, हे अशा वेळी कळते.

पुढची काही वर्षे त्याने मितिलीनी आणि लाम्प्साकस या गावांत शिकवण्यात घालवली. लाम्प्साकसला जिवाभावाची माणसे मिळाली. मेट्रोडोरस हा त्यांतला सर्वांत जवळचा. इ.स.पू. ३०६ च्या आसपास मंडळी अथेन्सला आली आणि एपिक्युरसने बाग विकत घेतली. किंमत ऐंशी मिना. आमचा डिप्लोमा बांधकामाचा असल्याने आकडा दिसला की आम्हांला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक मिना म्हणजे शंभर द्राख्म. कुशल कारागिराची मजुरी दिवसाला सुमारे दोन द्राख्म धरली, तर ही चार हजार दिवसांची, म्हणजे अकरा वर्षांची कमाई. शहराच्या वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवरची ही जागा. इथे भाजीपाला पिकवायचा, एकत्र जेवायचे आणि बोलत बसायचे. शाळेचे नावच ‘बाग’ पडले.

या बागेत बायकांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. लेओन्तिऑन नावाची स्त्री तिथे तत्त्वज्ञान लिहीत होती, मीस नावाचा गुलाम शिकत होता. त्या काळच्या अथेन्समध्ये हे पचणारे नव्हते. मेट्रोडोरसचाच भाऊ बाग सोडून बाहेर पडला आणि त्याने लिहिले की एपिक्युरस खाऊन खाऊन दिवसातून दोनदा ओकतो. पुढे शेकडो वर्षे लोकांनी हेच खरे मानले. बदनामीला पुरावा लागत नाही, हे कचेरीत काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग त्याचे म्हणणे होते तरी काय? सुख हेच ध्येय, हे तो मानतोच. पण सुख म्हणजे शरीराला यातना नसणे आणि मनाला घोर नसणे. भूक भागली की सुख पुरे झाले. नंतरच्या पक्वान्नाने ते बदलते, वाढत नाही. इच्छांचे त्याने तीन भाग पाडले. अन्न, पाणी, निवारा या स्वाभाविक आणि आवश्यक. चमचमीत जेवण स्वाभाविक खरे, पण आवश्यक नाही. कीर्ती, सत्ता आणि अमाप पैसा या दोन्ही नाहीत, आणि त्यांना तळही नाही. आम्ही एका रविवारी आमच्याच इच्छा कागदावर मांडून पाहिल्या. महागाई भत्ता कुठे घालावा हे लगेच ठरले. नव्या फ्लॅटचा हप्ता मात्र अजून तिन्ही खणांच्या बाहेर पडून आहे.

मनाचा घोर तो दोन भीतींत पाहतो: देवांच्या कोपाची आणि मरणाची. देव आहेत, पण ते आपल्या आनंदात मग्न असून माणसाला शिक्षा करत बसत नाहीत, असे त्याचे मत. हे मानणारा माणूस नगराच्या उत्सवांत मात्र सहभागी होत असे आणि शिष्यांनाही तेच सांगे. आमच्या मंडपात तो आला असता तर आरतीला उभा राहिला असता, फक्त नवस बोलला नसता.

पैशांबाबत त्याचा एक विचार आमच्या खजिनदारांना ऐकवण्याजोगा आहे. सगळ्यांनी आपली मिळकत एकत्र करावी, हे त्याला मान्य नव्हते. अशी सक्ती अविश्वासातून येते आणि अविश्वास असेल तिथे मैत्री नाही, असे तो म्हणे.

मैत्रीची कसोटी इ.स.पू. २९५ च्या सुमारास लागली. डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला, धान्य संपले. छतावरून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठी बापलेक भांडल्याची हकिकत प्लुटार्कने नोंदवली आहे. त्या दिवसांत एपिक्युरस बागेतल्या माणसांना मोजून शेंगदाणे द्यावेत तसे घेवड्याचे दाणे वाटून देत होता. त्यावरच मंडळी तगली.

एका बाबतीत आमचे त्याच्याशी जमत नाही. राजकारण आणि सार्वजनिक कामापासून दूर राहावे, असा त्याचा सल्ला होता. सगळ्यांनीच तसे केले तर रस्ते कोण बांधणार आणि वेढ्यानंतर धान्य कोण आणणार? बागेला भिंत होती, पण भिंतीबाहेरचे शहरच बागेचे रक्षण करत होते. याचे उत्तर त्याच्याकडे असेल तर ते हरवले असावे, कारण त्याच्या सुमारे तीनशे ग्रंथांपैकी फारच थोडे उरले आहे.

इ.स.पू. २७० मध्ये, बहात्तराव्या वर्षी, मूतखड्याने लघवी अडून दोन आठवड्यांच्या असह्य वेदनांनंतर तो गेला. अखेरीस कढत पाण्याच्या पितळी टबात बसून त्याने थोडी दारू मागून घेतली. त्या अवस्थेत लिहिलेल्या पत्रात वेदनेची तक्रार नाही, मित्रांशी झालेल्या जुन्या गप्पांच्या आठवणीने त्या वेदनेला तोलून धरल्याचे त्यात आहे. मृत्युपत्रात मीसला आणि आणखी काहींना त्याने गुलामगिरीतून मुक्त केले. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी मंडळींनी जमावे, म्हणून तजवीज केली. मेट्रोडोरस सात वर्षे आधीच गेला होता. त्याच्या मुलांचा सांभाळ व्हावा आणि मुलगी वयात आली की हुंडा देऊन तिचे लग्न लावावे, हेही त्यात लिहिलेले आहे.