दाखल्यावरचे नाव : डॉ. मायकेल डिलन

गेल्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरताना कार्यालयाच्या खिडकीपाशी मी बराच वेळ उभा होतो. अर्जावर दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच नाव हवे होते आणि ते नाव मुलीचे आहे. मी ते लिहिले, शुल्क भरले, पावती घेतली. त्याच सुमारास डॉ. मायकेल डिलन यांचे चरित्र माझ्या वाचनात आले. त्यांची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडनमध्ये झाला. काही दिवसांतच आई वारली आणि फोकस्टन गावी दोन आत्यांकडे ते वाढले. जन्मनोंद मुलगी म्हणून झाली होती. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. आपल्याला मात्र 'वाढले' की 'वाढल्या' हे आरंभीच ठरवावे लागते. मी 'वाढले' असेच लिहिणार, कारण ते स्वतःला पुरुषच मानीत. त्यांचे जुने नावही येथे देत नाही.

ऑक्सफर्डच्या एका महिला महाविद्यालयातून ते १९३८ साली पदवीधर झाले. १९३९ पासून त्यांनी पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्या घेण्यास सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात ब्रिस्टलमधील एका मोटार गॅरेजमध्ये ते नोकरी करीत आणि बॉम्बवर्षावाच्या रात्री आगीवर पहारा देत. १९४२ साली छातीवर शस्त्रक्रिया झाली. जन्मनोंद दुरुस्त करून घेण्याचा मार्ग शस्त्रवैद्यानेच दाखविला. यासाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. वैद्यकीय दाखल्याच्या आधारे, मूळ नोंदीत चूक झाली असे धरून ती सुधारली गेली. १९४४ साली ते कायद्याने लॉरेन्स मायकेल डिलन झाले.

पण एक दाखला बदलल्याने सारे बदलते का? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे, तर ऑक्सफर्डची पदवी दाखवावी लागणार आणि तीवर महिला महाविद्यालयाचे नाव! तेव्हा एका जुन्या शिक्षकांनी शब्द टाकला आणि विद्यापीठाच्या दप्तरात मुलांच्या ब्रेझनोज कॉलेजची नोंद झाली. पुढे सुट्ट्यांमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे १३ तरी शस्त्रक्रिया सोसून १९५१ साली ते डॉक्टर झाले आणि व्यापारी जहाजांवर नोकरी करू लागले.

तरी एक नोंद राहिलीच. त्यांचे बंधू बॅरोनेट होते व हा किताब पुरुष वारसालाच मिळे. सरदार घराण्यांच्या वंशावळींचे दोन ग्रंथ इंग्लंडात प्रसिद्ध. डेब्रेटच्या ग्रंथात डिलन यांचे नवे नाव वारस म्हणून आले. बर्कच्या ग्रंथात मात्र बंधूंना एक बहीण असल्याची जुनी नोंद तशीच राहिली. १९५८ साली ही विसंगती वृत्तपत्रांच्या हाती लागली. जहाज तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोर बंदरात होते. वार्ताहर तेथेही पोहोचले. १४ वर्षे शांतपणे जगलेल्या माणसाचे आयुष्य एका नोंदीने उघड्यावर आणले.

डिलन यांनी नोकरी सोडली आणि ते भारतात आले. धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात ज्यांनी ठिकठिकाणी प्रवचने दिली, त्या संघरक्षितांची कालिंपाँगला भेट झाली. त्यांनी डिलन यांना बुद्धाच्या वैद्याचे, जीवकाचे, नाव दिले. सारनाथला चीवर मिळाले. परंतु विनयाच्या जुन्या नियमांमुळे भिक्खू म्हणून उपसंपदा मिळू शकली नाही. १९६० साली लडाखच्या रिझोंग मठात ते तिबेटी परंपरेचे श्रामणेर झाले. १५ मे १९६२ रोजी डलहौसीच्या रुग्णालयात वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी आत्मचरित्राचे हस्तलिखित इंग्लंडला पाठविले होते. ते २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर त्यांची दोन्ही नवी नावे आहेत.

इंग्लंडात १९७० च्या एका न्यायालयीन निर्णयानंतर जन्मनोंद सुधारण्याची ती वाट बंद झाली. ती २००४ च्या कायद्याने पुन्हा उघडली. आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि २०१९ च्या कायद्याने ओळखीच्या प्रमाणपत्रावरून जन्मदाखल्यातील नाव बदलण्याची तरतूद केली. तरीही राजपत्र, आधार, बँकेचे पुस्तक, गुणपत्रिका असा एकेक कागद बदलत जावा लागतो आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस आधी दुसरा कागद मागतो. अशा वेळी डिलन यांच्या त्या शिक्षकांची मला फार आठवण होते. त्यांच्या हाती कायदा नव्हता, फक्त थोडी ओळख होती. तिचा उपयोग त्यांनी एका विद्यार्थ्यासाठी केला.

माझी फाईल अजून पुढे सरकते आहे. हा लेख देताना संपादकांनी विचारले, खाली नाव कोणते छापायचे? असे मला यापूर्वी कोणी विचारले नव्हते. मी त्यांना माझे नाव लिहून दिले आहे.