वालाच्या दाण्यातील स्फटिक : कमला सोहोनी

शिंद्यांचे उज्जैन आणि होळकरांचे इंदूर ही माळव्यातील शेजारची शहरे. मराठी माणसाचे या प्रदेशाशी जुने नाते. याच माळव्यात, इंदूर येथे, १९११ मध्ये कमला भागवत यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव रसायनशास्त्रज्ञ होते. बहीण दुर्गा भागवत पुढे थोर लेखिका म्हणून ख्यातनाम झाल्या.

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले आणि अट खोटी ठरवली. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली.

मायदेशी परतल्यावर, विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने, मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी पुन्हा कडधान्ये हाती घेतली. काही कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवणारे प्रथिन असते. प्रथिनासाठी डाळी-कडधान्यांवरच विसंबणाऱ्या समाजात हा प्रश्न थेट पोषणाचा होता. वाल आणि डबल बी यांतील हे रोधक प्रथिन स्फटिकरूपात मिळवल्याचा त्यांचा व सहकारी आंबे यांचा निबंध १९५५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे रोधक उष्णतेने बहुतांशी निष्प्रभ होते. कडधान्य नीट शिजवण्याच्या घरोघरच्या रीतीमागे असे शास्त्र आहे.

प्रथिनाचा स्फटिक मिळवणे मिठाचा खडा मिळवण्याइतके सोपे नसते. सारी मदार आधी करून ठेवलेल्या द्रावणांवर असते. या कामी अमोनियम सल्फेट फार वापरतात. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ७५ ग्रॅम विरघळते. तापमान बदलले की हे प्रमाण बदलते. आम्लता राखणाऱ्या द्रावणाचा सामू किंचित ढळला तरी स्फटिकाऐवजी नुसता गढूळ साका हाती येतो. म्हणून द्रावण शुद्ध पाण्यात करावे, गाळावे, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे, वर नाव, प्रमाण, सामू व तारीख लिहावी, हा प्रयोगशाळेचा नियम. फॉस्फेटच्या द्रावणात बुरशी सहज धरते. ते थंड जागी ठेवावे आणि गढूळ दिसताच टाकून द्यावे. आजचे द्रावण कालच्यासारखेच नसेल, तर कालचा स्फटिक आज पुन्हा मिळत नाही.

कमलाबाईंनी पुढे नीरेच्या पोषणमूल्याचाही अभ्यास केला आणि संस्थेचे संचालकपद भूषवले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या विद्येचे दार त्यांच्यापुढे मिटले होते, तीच विद्या त्यांनी सामान्यांच्या ताटातील कडधान्यापर्यंत आणून पोहोचवली.