भास्कराचार्यांचे जाळे

अस्थिरोगाच्या परिषदांत हल्ली पडद्यावर मांडीचे हाड दिसते ते जाळ्यात गुंडाळल्यासारखे. सीटी स्कॅनवरून तयार केलेले हे हाड संगणक हजारो लहान तुकड्यांत विभागतो, एकेका तुकड्यावरचा ताण शेजारच्या तुकड्यांशी जुळवत जातो आणि त्यातून संपूर्ण हाडाचे उत्तर उभे राहते. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. ती १९५०च्या दशकात विमानांच्या पंखांच्या हिशेबातून पुढे आली. पण वक्र वस्तूवर जाळे टाकून तुकड्या-तुकड्याने हिशेब करणारा एक माणूस आपल्या नाशिकच्या शेजारच्या मुलखात आठशे वर्षांपूर्वी होऊन गेला. भास्कराचार्यांनी फायनाइट एलिमेंट शोधले, असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नका. ताणाचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता. जाळे होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४चा. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड; ते आजचे कोणते, यावर वाद आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे तिचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लिखाणात नाही.

मला जास्त रस आहे तो गोलाध्यायातल्या एका भांडणात. आठव्या शतकातले लल्ल हे मोठे ज्योतिषी. त्यांच्या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीका लिहिली होती, म्हणजे आदर होताच. पण गोलाच्या पृष्ठफळासाठी लल्लांचा नियम वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगत होता. पृथ्वीचा परीघ भास्कराचार्यांनी ४९६७ योजने धरला होता. त्या आकड्यावर लल्लांचा नियम लावला, तर उत्तर खऱ्याच्या सुमारे १२४२ पट येते. नियम चुकीचा आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी चेंडू घेतला आणि मोजायला बसले.

आवळ्यावर दिसतात तशा उभ्या रेषांनी त्यांनी गोलाच्या ९६ फोडी पाडल्या. फोडीला त्यांचा शब्द वप्रक. परीघही ९६ एकक मानला, म्हणजे प्रत्येक फोड मधोमध एक एकक रुंद झाली. मग मध्यापासून टोकापर्यंत आडव्या २४ पट्ट्या. प्रत्येक पट्टी जवळजवळ समलंब चौकोन: उंची एक एकक, रुंदी ज्यांच्या म्हणजे साइनच्या कोष्टकातून. पट्ट्यांची बेरीज केली, खालच्या अर्ध्यासाठी दुप्पट केली, तर एका फोडीचे क्षेत्रफळ आले सुमारे साडेतीस. ९६ परीघ असलेल्या गोलाचा व्यासही तेवढाच. मग तोच हिशेब सगळ्या फोडींवर पसरवला: पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास. पृथ्वीसाठी ७८,५३,०३४ चौरस योजने. घनफळासाठी त्यांनी पृष्ठावरच्या एकेका घरापासून केंद्रापर्यंत सुळके कल्पिले.

चोवीस पट्ट्याच का, म्हणून मी ओपीडी संपल्यावर कागदावर करून पाहिले. चारच पट्ट्या घेतल्या तर उत्तर १.३ टक्के कमी येते. चोवीस घेतल्या तर दहा हजारांत चारांपेक्षाही कमी. पट्टी सहापट बारीक केली की चूक छत्तीसपट घटते.

एक फोड मोजून ती गोलभर फिरवणे चालले, कारण गोलाच्या सगळ्या फोडी सारख्या. मांडीचे हाड तसे नाही. खुब्याच्या मानेशी ते निमुळते, दांड्याशी पोकळ, म्हाताऱ्या बाईचे वेगळे आणि तरुण हमालाचे वेगळे. तिथे जिथे ताण दाटतो तिथे जाळे बारीक विणावे लागते. शिवाय हाड कुठे कापायचे? खुब्यापुरतेच जाळे घेऊन कापलेले टोक घट्ट धरले, तर त्या धरण्याचा खोटा ताण नेमका आपण विचारतो त्या जागी येऊन पोहोचतो. म्हणून जाळे दांड्याकडे खाली वाढवत न्यायचे, उत्तर हलायचे थांबेपर्यंत. नव्या प्लेटचे लाल-निळे चित्र दाखवणाऱ्याला मी आता एवढेच विचारतो की जाळे बारीक केल्यावर आणि पुढे वाढवल्यावर आकडा किती बदलला. चित्र सुंदर असते. त्याखाली स्क्रू बसणार असतो तो माणसाच्या हाडात.

भास्कराचार्य वयाच्या ६९व्या वर्षीही, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ लिहीत होते. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित झाला. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी. त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख तिथल्या देवळात कोरलेला होता. तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे वैद्य, दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचे.