पहिला सत्याग्रही : आचार्य विनोबा भावे

देशावर परचक्र आले असता प्राणांची पर्वा न करता शत्रूवर तुटून पडणाऱ्या वीरांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या ऐकून आपले मस्तक आदराने लवते. परंतु आपल्या देशाला दूरदेशीच्या युद्धात कोणी ओढले आणि आपले मन त्या युद्धाला साक्ष देत नसले, तर नागरिकाने काय करावे? मुकाट्याने सारे सोसावे, की उघडपणे नकार द्यावा? हा प्रश्न १९४० साली भारतापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर आपल्या कृतीने देण्यासाठी ज्या पहिल्या पुरुषाची निवड झाली, तो एके काळी आपल्या या बडोदे शहरातील विद्यार्थी होता, ही गोष्ट आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्या थोर पुरुषाचे नाव आचार्य विनोबा भावे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा खेड्यात झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास राहत, त्यामुळे विनायकाचे शिक्षण येथेच झाले. त्या वेळी बडोदे संस्थानावर सयाजीराव महाराजांचे राज्य होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, कलाभवन, १९१० साली स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय यांमुळे विद्येच्या क्षेत्रात या नगरीचा लौकिक सर्व देशभर पसरला होता. विनायकाला शाळेतील पाठ्यपुस्तकांपेक्षा ग्रंथालयाची ओढ अधिक. तासन् तास तो तेथे वाचीत बसे. घरी आई रुक्मिणीबाईंची भक्ती आणि वडिलांची शिस्त, अशा दोन्ही संस्कारांत तो वाढला. संस्कृत गीता आपल्याला समजत नाही, ही आईची खंत त्याने मनात जपून ठेवली आणि पुढे १९३०-३१ मध्ये 'गीताई' या रूपाने तिचे ऋण फेडले. मात्र तोवर आई या जगात राहिली नव्हती.

बडोद्यातील मित्रांना जमवून विनायकाने एक विद्यार्थी मंडळ चालविले होते. त्या मंडळातील एक प्रसंग विनोबांनी पुढे आठवणींत सांगितला आहे. शिवजयंतीचा दिवस होता. उत्सव कोठे करावा, यावर मुलांत चर्चा झाली. ज्या राजाने डोंगर-कपाऱ्यांत राहून स्वातंत्र्य मिळविले, त्याचा उत्सव चार भिंतींच्या आत करणे विनायकाला रुचले नाही. रानात, मोकळ्या आकाशाखाली जावे असे ठरले. पण त्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती. मुले न विचारता गेली. परत येताना, उद्या गुरुजी जाब विचारतील, हा विचार सर्वांच्या मनात आला. त्यावर विनायकाने तोड काढली. प्रत्येकाने दंडाचे पैसे खिशात घालूनच शाळेत यावे! दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, तेव्हा मुलांनी खरे कारण सांगितले. दंड झाला, तेव्हा खिशातील नाणी काढून शांतपणे मेजावर ठेवली.

वरवर पाहता ही शाळकरी मुलांची मौज वाटेल. पण त्यात पुढील सर्व आयुष्याचे बीज होते. जे पटले ते उघडपणे करावे, ते लपवू नये, खोटी सबब सांगू नये, आणि त्यासाठी जी शिक्षा होईल ती मनात राग न धरता भोगावी. अजून सत्याग्रह हा शब्दही या मुलांच्या कानी फारसा पडला नसेल. पण त्याचा पहिला धडा त्यांनी बडोद्यातच गिरविला होता.

१९१३ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन विनायक बडोदे महाविद्यालयात दाखल झाला. आज ज्या भव्य घुमटाच्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे, ती वास्तू त्या काळी या महाविद्यालयाची होती. परंतु परीक्षा, पदवी आणि नोकरी या साखळीत त्याचे मन रमेना. एके दिवशी आईच्या चुलीपाशी बसून त्याने आपली प्रमाणपत्रे एकामागून एक अग्नीत टाकली. ती जपून ठेवली तर काय बिघडले, असे आईला वाटले. पण ज्या वाटेने जायचे नाही त्या वाटेची शिदोरी कशाला ठेवावी, असा मुलाचा निश्चय होता. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, वाटेत सुरतेस उतरला आणि काशीला गेला. वडिलांना मात्र त्याने पत्राने ते कळविले. काशीहून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात तो त्यांना भेटला. त्या दिवसापासून विनायकाचा विनोबा झाला. पुढे संस्कृताच्या अध्ययनासाठी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली, वाई येथे शास्त्राभ्यास केला आणि वर्ष पुरे होताच, ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. दिलेला शब्द पाळण्याची अशी त्यांची रीत होती.

या सुमारास युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. दहा लाखांहून अधिक भारतीय माणसे त्यासाठी समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार सैनिक परत आले नाहीत. १९१८ साली सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाची साथ उतरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. बडोद्यातील भावे कुटुंबही त्या साथीतून सुटले नाही. त्याच ऑक्टोबर महिन्यात विनोबांच्या आईचे निधन झाले. युद्धभूमी हजारो कोसांवर असली तरी तिची झळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कशी येते, हे त्या वर्षी असंख्य घरांनी अनुभवले.

परक्या युद्धांचा भार हा भारताला नवा नव्हता. साम्राज्याच्या लढाया अफगाणिस्तानात आणि ब्रह्मदेशात होत आणि त्यांचा खर्च येथील शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून निघे. म्हणूनच १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात उत्तर ब्रह्मदेश जिंकून घेण्याच्या धोरणाविरुद्ध आणि लष्करी खर्चाच्या वाढीविरुद्ध ठराव झाले होते. युद्धाचा निर्णय एकाने करावा आणि किंमत दुसऱ्याने द्यावी, हा अन्याय सुजाण नागरिकांना तेव्हापासून सलत होता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी त्याचीच पुनरावृत्ती झाली. इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. लोकांनी निवडून दिलेल्या मंत्रिमंडळांना किंवा मध्यवर्ती विधिमंडळाला त्यांनी विचारलेही नाही. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हिटलरची राजवट क्रूर होती आणि तिचा पराभव व्हावा, असे काँग्रेसलाही वाटत होते. स्वातंत्र्याचे अभिवचन आणि राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धात साहाय्य करण्याची तयारी तिने १९४० च्या जुलैत पुणे येथे दाखविली होती. डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासारख्या विचारवंतांनी तर इंग्लंडच्या बाजूने या युद्धास पाठिंबा दिला. बडोदे संस्थानाने लढाऊ विमानांसाठी द्रव्यसाहाय्य केले आणि ब्रिटिश हवाई दलाच्या एका तुकडीला बडोद्याचे नाव मिळाले. पंचवीस लाखांहून अधिक भारतीय तरुण या युद्धात सैन्यात होते. त्यांच्यापैकी अनेकांनी अपूर्व शौर्य गाजविले. अशा वेळी युद्धाला विरोध करणे सोपे नव्हते आणि तो करणाऱ्याचा हेतू शुद्ध असणे अत्यंत आवश्यक होते.

सप्टेंबर १९४० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयची भेट घेतली आणि एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे युद्धाविरुद्ध आपले मत शांतपणे बोलून दाखविण्याचे स्वातंत्र्य. खुद्द इंग्लंडात सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून युद्धास नकार देणाऱ्यांसाठी कायद्याने न्यायमंडळे नेमली होती आणि त्या देशात सुमारे ६० हजार लोकांनी असा नकार नोंदविला. मात्र स्वतः न लढण्याची मोकळीक वेगळी आणि इतरांना युद्धकार्यापासून परावृत्त करण्याची मोकळीक वेगळी, असे सांगून व्हाइसरॉयनी ही मागणी नाकारली. तेव्हा गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा मार्ग निवडला. इंग्लंड संकटात असताना त्याची अडवणूक करावी, अशी त्यांची इच्छा नव्हती. म्हणून सभा-मिरवणुकांचा कल्लोळ नको, एकेका निवडलेल्या माणसाने सरकारला आगाऊ कळवून आपले मत मांडावे, असे ठरले.

पहिला मान कोणाला द्यावा? देशात कीर्तिमान पुढारी पुष्कळ होते. गांधीजींनी निवड केली ती वर्ध्याजवळ पवनार येथे, धाम नदीच्या काठी, सूत कातीत आणि अध्ययन करीत राहणाऱ्या विनोबांची. त्यांचे नाव अनेकांनी ऐकलेही नव्हते. म्हणून 'हरिजन' पत्रात गांधीजींना त्यांचा परिचय करून द्यावा लागला. केवळ परक्या सत्तेविरुद्ध म्हणून नव्हे, तर युद्धमात्राविरुद्ध ज्याचे मन निश्चित झाले आहे, असा माणूस त्यांना पुढे हवा होता.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनार येथे भाषण करून सत्याग्रहास आरंभ केला. या युद्धाला मनुष्यबळाने अथवा द्रव्याने साहाय्य करणे योग्य नाही आणि सर्व युद्धांचा प्रतिकार अहिंसेनेच केला पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यानंतर ते आसपासच्या गावांतून बोलत फिरले. वृत्तपत्रांनी ही भाषणे छापू नयेत, असा सरकारचा कटाक्ष होता आणि त्यामुळे 'हरिजन' साप्ताहिकेही बंद ठेवावी लागली. २१ ऑक्टोबर रोजी देवळी येथे विनोबांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटताच त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंगात गेले; असे तीन वेळा घडले. दंडाचे पैसे खिशात घालून शाळेत जाणारा विद्यार्थी आता पंचेचाळीस वर्षांचा झाला होता, एवढाच फरक!

दुसरे सत्याग्रही पंडित जवाहरलाल नेहरू. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. नाताळच्या सणात इंग्रज अधिकाऱ्यांना त्रास नको म्हणून सत्याग्रह काही दिवस थांबविण्यात आला, यावरून त्यामागील वृत्ती ध्यानात येईल. पुढील वर्षभरात वीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. युद्ध त्यामुळे थांबले नाही. डिसेंबर १९४१ मध्ये सत्याग्रही मुक्त झाले आणि त्याच महिन्यात जपानच्या हल्ल्यांनी युद्ध भारताच्या दाराशी आले. परंतु एक गोष्ट सिद्ध झाली. एखाद्या राष्ट्राच्या नावाने युद्ध पुकारताना त्या राष्ट्रातील माणसांना विचारले पाहिजे. आणि न विचारल्यास ती आपला नकार निर्भयपणे नोंदवितील. पुढे १९६० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध अमेरिकेतील हजारो तरुण रस्त्यावर आले. देश निराळा, काळ निराळा. पण आपल्या नावाने जे चालले आहे त्यात आपलाही वाटा आहे, ही टोचणी तीच होती.

विनोबांचे पुढील जीवन सर्वश्रुत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदानयज्ञ सुरू झाला. तेरा वर्षांहून अधिक काळ ते पायी हिंडले. १९५८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर पुष्कळांनी टीका केली, हेही चरित्रकाराने लपवू नये. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला आणि १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न अर्पण करण्यात आले.

विद्यार्थी मित्रहो, कोणत्याही युद्धाबाबत आपण सर्वांनी विनोबांसारखेच मत बनवावे, असे नाही. त्यांच्या काळीही थोर माणसांत मतभेद होते. पण मत कसे बनवावे आणि ते कसे मांडावे, हे त्यांच्याकडून शिकता येते. आधी भरपूर वाचावे, विचार करावा. मग जे सत्य वाटेल ते उघड बोलावे, विरोधकाचा द्वेष करू नये आणि आपल्या बोलण्याची किंमत आपण स्वतः चुकती करावी. बडोद्याच्या ग्रंथालयात कधी वाचीत बसाल, तेव्हा एवढी आठवण ठेवा की, एके काळी येथेच बसून एका मुलाने ही तयारी केली होती.