मातीलगतच्या हवेचा अभ्यासक : डॉ. एल. ए. रामदास

हिवाळ्यातील निरभ्र व शांत रात्र आहे. दिवसभर उन्हात तापलेले शेत हळूहळू निवत आहे. अशा वेळी सर्वांत जास्त थंडी कोठे असेल? मातीवर, की मातीच्या थोडी वर? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराने हवामानशास्त्रज्ञांना अनेक वर्षे कोड्यात टाकले. हे उत्तर शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास.

रामदास यांचा जन्म १९०० साली केरळातील पालघाट येथे झाला. कोलकात्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर संशोधन केले. पुढे ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. १९३२ साली पुण्यात शेतीविषयक हवामानशास्त्राचे कार्य सुरू झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली.

उष्णता अधिक तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते. दोन्हींचे तापमान सारखे झाले, की ही देवघेव बरोबरीची होते. या स्थितीस औष्णिक समतोल म्हणतात. शेतात मात्र असा समतोल फार काळ टिकत नाही. दिवसा जमीन सूर्याची उष्णता शोषून घेते. त्यातील काही उष्णता वहनाने मातीच्या खालच्या थरांत उतरते, तर काही अभिसरणाने तापलेल्या हवेबरोबर वर जाते. रात्री जमीन प्रारणाने आपली उष्णता आकाशाकडे सोडते. म्हणूनच रात्री जमिनीचा पृष्ठभाग सर्वांत थंड असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती.

रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेली मोजमापे या समजुतीशी जुळेनात. सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसून तिच्या साधारण वीत-दोन वीत वर होती. थंड हवा तर जड असते. मग ती खाली न येता उबदार हवेच्या वर कशी राहील? मोजण्यातच चूक झाली असावी, अशी शंका अनेकांनी घेतली. रामदास मात्र आपल्या निरीक्षणांवर ठाम राहिले. पुढे राश्के या जर्मन शास्त्रज्ञांनी पुण्यातच काटेकोर मोजमापे केली व १९५७ साली ती प्रसिद्ध केली. रामदास यांचे म्हणणे खरे ठरले. त्या थंड थराला आता ‘रामदास थर’ म्हणतात. जमिनीलगतची हवा स्वतःही प्रारणाने उष्णता गमावते व तिच्यातील सूक्ष्म कण त्यास हातभार लावतात, हे बंगळूरुच्या शास्त्रज्ञांच्या अलीकडील संशोधनातून पुढे आले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या शोधाचे मोल मोठे आहे. कोवळ्या रोपांचे शेंडे नेमके याच उंचीवर असतात आणि कडाक्याच्या थंडीचा घाव त्यांच्यावर पडतो. रामदास यांनी काळ्या मातीवर खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरूनही पाहिला. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे खालची माती कमी तापली.

१९५८ साली त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. १९७९ साली त्यांचे निधन झाले. भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. निसर्ग आपल्या अपेक्षेप्रमाणे वागला नाही, तर निसर्गाला चूक न ठरवता पुन्हा काळजीपूर्वक मोजावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.